चार्जिंगवरची बावीस हजार पावलं

६ ऑक्टोबर २०२५, राजुरी

कंपनीच्या नोंदी कंपनीच्या ॲपमध्ये जातात. ही वही माझी आहे. बायकोला, सुप्रियालाही वाचायची परवानगी नाही, आणि तिनं वाचलीच तर परिणामाला मी जबाबदार नाही.

आज दुसरा टेस्ट फोन आला. नवं सॉफ्टवेअर बाजारात यायच्या आधी ते वापरून बघायचं आणि त्यातले बग शोधायचे, हे माझं काम. फोन कुठं अडकतो, किती तापतो, खेड्यातल्या विजेवर चार्जिंग कसं घेतो. पुण्यातल्या पोरांना एसीत बसून हे कळत नाही, म्हणून त्यांना राजुरीतला मी लागतो. दीड वर्ष झालं, अजून कंत्राटावरच आहे. नोव्हेंबरात कायम होणाऱ्यांची यादी लागेल, आणि त्यासाठी एखादा तरी 'क्रिटिकल' बग नावावर पाहिजे. माझ्या नावावर एकच बरा बग आहे. मराठी कीबोर्ड उघडला की टॉर्च आपोआप लागायची. मीटिंगमध्ये सगळे खिदळले होते.

दुसरा फोन साठीच्या पुढच्या माणसाला द्यायचा होता, तो आबांना दिला. आमचे आबा, राघू नाव, वय सहासष्ट. त्यांच्या फोनवरून मला चार्जिंग, तापमान आणि पावलांचे आकडे दिसतील. माणूस कुठं आहे ते दिसत नाही, तसा नियमच आहे. आबांनी फोन उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यावरनं चिमाजीला फोन लागंल का?"

मी चार्जरची वायर सोडवत बसलो.

ही गोष्ट कुठं तरी लिहायलाच हवी, म्हणून इथं लिहितो. मे महिन्यात आबांना हार्ट अटॅक आला. स्टेंट बसवली. डॉक्टरांनी चालणं नको सांगितलं. ते दवाखान्यात होते त्या चार दिवसांत मी त्यांची चौऱ्याऐंशी मेंढरं विकून टाकली. एकदम एवढा कळप घ्यायला कोणी मेंढपाळ तयार नव्हता, आणि कळप दारात दिसला असता तर आबा घरी आल्या दिवशी काठी घेऊन निघाले असते. व्यापाऱ्याच्या दोन गाड्या आल्या. मेंढरं कत्तलीला गेली. पुढं चालणारी, गळ्यात घंटी असलेली भुरीसुद्धा गेली. आबांना सांगितलं, चिमाजीनं निम्म्या वाट्यानं सांभाळायला नेली. चिमाजी त्यांचा जुना सोबती, तेव्हा विदर्भाकडं गेलेला. त्याच्याकडं फोन नाही, म्हणून तर त्याचं नाव घेतलं.

हे आबांना कधी कळता कामा नये. कळलं तर त्या स्टेंटचा काही उपयोग होणार नाही.

"चिमाजीकडं फोन नाही, आबा."

"मग दे तसाच. येळ तरी कळंल."

११ ऑक्टोबर

आबा रोज भैरवनाथाच्या देवळात जाऊन बसतात. तिथं सभामंडपात प्लगचा बोर्ड आहे, त्याला फोन लावतात. पावलं दोन हजार शंभर, चार्जिंग झकास, बग शून्य. असं चाललं तर मी कायम होतो कसला!

१४ ऑक्टोबर

काल आबा एसटीनं बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. मी नको म्हणत होतो. आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलेत. जेवले नाहीत. बीपी तपासलं, ठीक आहे. ऊन लागलं असेल.

त्यांची पिशवी झटकायला घेतली तर पितळी घंटी निघाली. भुरीच्या गळ्यात होती तशीच, काठावर तसाच एक टवका उडालेला.

"ही कुठली, आबा?"

"चिमाजीनं धाडली. कुणाच्या तरी हाती," आबा म्हणाले आणि वळून माझ्याकडं बघत राहिले. बराच वेळ. शेवटी मीच नजर फिरवली.

चिमाजी कसा धाडेल? त्याच्याकडं मेंढरं गेलीच नाहीत! मग शांतपणे विचार केला. पितळी घंट्या सगळ्या सारख्याच दिसतात आणि टवके सगळ्यांनाच उडतात. आबांनी आठवण म्हणून बाजारात एक विकत घेतली असेल, आणि चिमाजीनं धाडली असं मनाशी धरलं असेल. या वयात होतं असं. दुसरं काही असूच शकत नाही.

सुप्रिया म्हणाली, "तुमी नीट बसून बोला की त्यांच्याशी." मी म्हणालो, आजारी माणसाला त्रास द्यायचा नाही.

१८ ऑक्टोबर

बाप रे!

आज आबांच्या फोनच्या नोंदी उघडल्या आणि हातातला चहा सांडला. परवापासून काही तरी भलतंच चाललंय. सकाळी दहाला चार्जिंग सुरू होतं ते चारला बंद होतं. करंट कधी सहाशे, कधी नव्वद, कधी एकदम शून्य, पुन्हा पाचशे. आणि ह्या सहा तासांत, फोन चार्जिंगला लावलेला असताना, पावलं किती? बावीस हजार!

चार्जिंगला लावलेला फोन चालतोय. मी तीन वेळा रिफ्रेश केलं. काल एकोणीस हजार. परवा एकवीस.

आबांना विचारलं, "फोन कुठं लावता?" "देवळात," आबा म्हणाले. दोन दिवसांनी उठून ते परवापासून पुन्हा देवळात जायला लागलेत, जेवतातही व्यवस्थित. म्हणजे माणूस ठीक आहे आणि फोनला भूत लागलंय.

हाच तो. हाच माझा क्रिटिकल बग. लिहिताना हसू आवरत नाही.

१९ ऑक्टोबर

देवळात जाऊन मल्टिमीटरनं बोर्ड तपासला. दोनशे बत्तीस व्होल्ट, अजिबात हलत नाही. म्हणजे वीज निर्दोष, दोष सॉफ्टवेअरचाच. आबा देवळात नव्हते. पुजारी म्हणाले, "आत्ताच गेलं आसतील." रात्री जेवण व्हायच्या आधीच रिपोर्ट पाठवला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दिवाळीचं सगळे ओट्यावर बसलो होतो. आबांनी आपणहून जुनी गोष्ट काढली. मी सहा-सात वर्षांचा असताना चिमाजीचा कळप कुकडीच्या पुरात वाहून गेला होता. आमच्यात मेंढपाळाच्या मुक्कामाला वाडा म्हणतात. कळप बुडालेला माणूस एकेका वाड्यावर जातो, काय झालं ते सांगतो, एक दिवस त्या वाड्याची मेंढरं राखतो आणि संध्याकाळी एक कोकरू घेऊन येतो. असे वाडे फिरून चिमाजीनं पुन्हा कळप उभा केला. आम्ही दिलेलं कोकरू नेमकं माझं लाडकं होतं. मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

"त्यानं खोटं सांगितलं असतं तर?" सुप्रियानं विचारलं.

"शब्दावर द्यायाचं आसतं. तपास न्हाई करत कुणी," आबा म्हणाले. "म्हून तर सांगताना जीभ जड व्हती."

पुन्हा चिमाजीचं नाव निघालं. मी विषय बदलून फराळावर आणला.

२७ ऑक्टोबर

पुण्याहून मोहिनी मॅडमचा फोन आला. ह्या आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. म्हणाल्या, "मच्छिंद्र, तुमचा बग क्रिटिकल धरलाय. हा सुटेपर्यंत नवीन सॉफ्टवेअर बाहेर पडणार नाही. सगळं थांबवलंय."

सगळं थांबवलंय! माझ्या एका रिपोर्टवर!

त्यांनी विचारलं, वापरणाऱ्याकडं पॉवरबँक आहे का? गाडीत चार्जिंग करतात का? मी छातीठोक सांगितलं, पॉवरबँक नाही, गाडी नाही, हार्टचे पेशंट आहेत, घर ते देऊळ एवढंच चालतात, मुलगा म्हणून खात्रीनं सांगतो. त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

३० ऑक्टोबर

आबांना नारायणगावला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, मग का कोण जाणे, तळपाय बघितले. भेगाच भेगा. "रोज चालता वाटतं?" मी म्हणालो, "नाही हो, देवळापर्यंत फक्त." डॉक्टर म्हणाले, "मग देऊळ लांब असणार. चांगलं आहे. हृदय मेपेक्षा कितीतरी बरं आहे, चालू दे." मी विचारलं, "मेंढरांमागं चालणं नको ना?" डॉक्टर म्हणाले, "नको असं मी कधी म्हणालो? सपाटीला चालायला काय हरकत? सुरुवातीचे दोन महिने जपा म्हणालो होतो."

मी मे महिन्यात 'दोन महिने' ऐकलंच नव्हतं. 'नको' एवढंच ऐकलं होतं.

येताना गाडीत आबा खिडकीबाहेर बघत होते.

३ नोव्हेंबर

सव्वीस हजार पावलं. फोनचं तापमान चव्वेचाळीस. पुण्यात आठ इंजिनिअर ह्या बगमागं लागलेत आणि एकालाही सापडत नाही.

सुप्रिया म्हणाली, "एकदा आबांच्या मागं जाऊन तर बघा." मी म्हणालो, इथं सगळी कंपनी थांबलीय, मला देवळात जाऊन बसायला वेळ नाही. ती कसलंसं हसली आणि आत गेली.

६ नोव्हेंबर

उद्या मोहिनी मॅडम स्वतः येणार आहेत. आबा नेमके काल ओतूरला पाहुण्यांकडं राहायला गेलेत. घर झाडून घेतलं. यादी सोमवारी लागेल. माझं नाव त्यात असणार असं मॅडमच्या आवाजावरून वाटतंय.

७ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून टाकतो. अक्षर कसंही येवो.

मॅडम अकराला आल्या. लॅपटॉप उघडून त्यांनी बगचे सगळे दिवस एकाखाली एक लावले. सतरा दिवस. सुप्रियानं दिलेला चहा उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"मच्छिंद्र, हा चार्जर नाहीये. हे ऊन आहे."

"म्हणजे?"

"सोलर. दहाला चढतं, साडेबाराला सगळ्यात जास्त, चारनंतर मरतं. मध्ये शून्य होतं तिथं ढग आलाय, नाहीतर माणूस सावलीत गेलाय. फोन अंगावर आहे, पॅनेल अंगावर आहे आणि माणूस खरंच चालतोय. ऑफिसात आम्ही सोलरचा विचारच केला नाही, कारण तुम्ही खात्रीनं देऊळ म्हणालात. तुमचे वडील करतात काय?"

"काही नाही करत. पेशंट आहेत ते."

सुप्रिया दारात उभी होती. "मढला बघा," ती म्हणाली. "धर्माजीच्या वाड्यावर."

"तुला काय माहीत?"

"मग मी रोज चार भाकरी कुणाला बांधून देत व्हते? देवाला?"

मॅडमनीच गाडीची किल्ली उचलली. आळेफाटा, ओतूर, डिंगोरे करत मढ गाठलं.

मढच्या पुढं, रस्त्याला लागून, भात कापलेल्या खाचरात वाडा उतरला होता. घोड्यांवर बोजे चढत होते. सगळे माळशेज घाटानं कोकणात उतरायच्या तयारीत. आणि कडेला, पाठमोरे, आमचे आबा. पाठीला सुतळीनं बांधलेलं, वाड्यावरचे लोक वापरतात तसलं पाटीएवढं सोलरचं पॅनेल, त्याची वायर बंडीच्या खिशात. दोन्ही गुडघ्यांत एक कोकरू दाबून त्याच्या गळ्यात पितळी घंटी बांधत होते. घंटी त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होती. भोवती आणखी कोकरं. मी कान बघितले. प्रत्येक वाड्याची कानाला काप द्यायची खूण वेगळी असते. इथं प्रत्येक कान वेगळा होता.

सतरा कोकरं. माझ्या तक्त्यात बगचे दिवस सतरा.

धर्माजी पुढं आले. ह्या वाड्याचे कर्ते, आबांच्याच वयाचे. माझा दंड धरला आणि म्हणाले, "ये मच्छिंद्रा. लई वाईट झालं राव. चौऱ्याऐंशी मेंढरं एका रोगात जायाची म्हंजी खायाची गोष्ट न्हाई. आबानं सांगितलं तवा आमच्या कारभारणीनं दोन घास खाल्लं न्हाईत. म्हून त्याची कोकरं आमच्याच वाड्यात ठिवून घेतली."

माझं तोंड उघडलं. कुठला रोग, असं विचारणार होतो. तेवढ्यात आबा बोलले, घंटीची गाठ आवळत, मान वर न करता.

"व्हय. रोगच व्हता."

मी तिथंच बांधावर बसलो. सतरा वाड्यांवर जाऊन हा माणूस हेच बोलला होता. ज्यानं जन्मात मेंढराच्या दुधात पाणी घातलं नाही, तो सतरा वेळा खोटं बोलला. राघूच्या पोरानं घंटीची मेंढी कसायाला दिली, एवढं एक कुणाला कळू नये म्हणून.

धर्माजी घोड्याकडं गेल्यावर विचारलं, "आबा, कधी कळलं?"

"बेल्ह्याला. यापाऱ्यानं घंटी इकायला मांडली व्हती. इचारलं तर त्यानं समदं सांगितलं."

"मग मला बोलला का नाहीत? शिव्या तरी द्यायच्या."

"काय बोलायचं? तू भेला व्हतास." आबांनी कोकरू सोडलं. ते घंटीच्या वजनानं दोनदा अडखळलं आणि मग पळालं. "मी बी भेलो व्हतो. पर मी काय इकलं न्हाई."

मी रडलो. मॅडमसमोर, धर्माजीच्या माणसांसमोर, नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता. आबांनी खांद्यावरच्या घोंगडीचं टोक पुढं केलं.

डोळे पुसून मी म्हणालो, "तुम्ही घाटातून जाणार?"

"घाट उतरायचाय, चढायचा न्हाई. चढायचं वैशाखात बघू."

"गोळ्या?"

"हायत. सुप्रियानं दोन म्हैन्याच्या दिल्यात." मग खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. "ह्यो घिऊन जा तुझा."

मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "राहू दे, आबा. टेस्ट तीस तारखेपर्यंत आहे." आबांनी फोन पुन्हा खिशात ठेवला, वायर जोडली आणि काठी उचलली. जाताना मागं वळून बघितलं नाही. घंटी मात्र बराच वेळ ऐकू येत होती.

८ नोव्हेंबर

मॅडमनी रात्रीच वर कळवलं की बग नव्हता, सॉफ्टवेअर आता बाहेर पडेल. दहा-बारा दिवस सगळी कंपनी आमच्या आबांच्या उन्हामागं लागली होती.

रिपोर्ट बंद करायचा फॉर्म मलाच भरायचा होता. बगचं मूळ कारण काय, त्याखाली चार पर्याय. सॉफ्टवेअर. फोन. वापरणारा. टेस्टर. दीड वर्षात मी पहिल्या तीन पर्यायांपलीकडं कधी गेलो नव्हतो. आज चौथा दाबला. खाली कारण लिहायला दोन ओळींची जागा होती. तिथं लिहिलं, 'फोननं सतराही दिवस खरं सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही.'

१० नोव्हेंबर

यादी लागली. नाव नाही. सुप्रियानं यादी वाचली, ताट वाढलं. जेवता जेवता म्हणाली, "चिमाजी परत आला की त्याला तुमी सांगायचं, काय झालं ते. आबांनी न्हाई." मी हो म्हणालो. धर्माजीलाही मीच सांगेन, वैशाखात, वाडा कोकणातून वर आला की. तोवर हे पोटात ठेवायचं म्हणजे काय असतं ते मला आता कळतंय.

कालपासून आबांच्या नोंदी आलेल्या नाहीत. घाटात रेंज नसते, हे मला माहीत आहे. तरी जेवणावरून तीनदा उठलो.

११ नोव्हेंबर

दुपारी तीनला एकदम सगळ्या नोंदी उतरल्या. परवा एकोणतीस हजार पावलं. काल अठरा. आज सकाळी दहाला चार्जिंग सुरू, करंट चारशे, साडेचारशे, पाचशे. मग पावणेबाराला एकदम शून्य. पावलंही थांबलेली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. आकडे खाली सरकवत गेलो. एकतीस मिनिटांनी पुन्हा पावलं सुरू झाली, करंट चढला.

सुप्रियाला हाक मारून दाखवलं. म्हटलं, हे बघ, अर्धा तास सगळंच बंद, काय झालं असेल?

तिनं पिठाचा हात फोनला लागू न देता वाकून बघितलं.

"काय व्हायचंय? भाकरी खायला बसलं आसतील झाडाखाली."